आम्हालाही प्रश्न विचारा

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना राग यायचाय त्यांना वेळेवर येईल. आपल्या टीव्हीने पुरुषांना प्रश्न विचारले आणि घर सांभाळणाऱ्या बाईला फुगे फुगवायला लावले. त्यांचं डोकं दाखवलं, आमची गंमत दाखवली. आणि वर याला नाव दिलं, महिलांचा सन्मान.

मी धुळ्याची लेक, सुरतेची सून. बी. ए. झाले, लग्न झालं, आणि तेव्हापासून आजपर्यंत माझ्या कामाच्या रकान्यात ‘गृहिणी’ एवढाच शब्द लिहिला जातो. त्या शब्दाची मला लाज नाही. पण या शब्दाच्या बाईला काय येत असेल नि काय येत नसेल, हे परस्पर ठरवून टाकलेलं मला चालत नाही. टीव्हीने ते ठरवलं. कसं ठरवलं, ते जरा मागे जाऊन बघू.

सत्तरच्या दशकात रेडिओवर बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट लागायची. आधी हमीद सायानी आणि १९७५ मध्ये ते गेल्यावर अमीन सायानी ती चालवत. शाळेतली मुलं पटापट उत्तरं द्यायची आणि घरोघरी आयांना वाटायचं, आपल्या पोरालाही असं यायला हवं. मुलांना दुधात बोर्नव्हिटा घालून देणारी ती आई, तिला मात्र कोणी काही विचारत नव्हतं. मग १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बासूंचा ‘क्विझ टाइम’ आला. कॉलेजांचे संघ, इंग्रजीतले प्रश्न, टाय लावलेले मुलगे, मधूनच एखादी मुलगी. कार्यक्रम चांगलाच होता, त्यात वादच नाही. पण ज्या घरात एकच टीव्ही आणि इंग्रजी कळणारा एकच माणूस, त्या घरात तो कार्यक्रम त्या एका माणसाचा होता. बाकीच्यांनी आवाज न करता बसायचं.

नव्वदच्या दशकात केबल आली. सुरतेच्या गल्ल्यांमध्ये एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर वायरी गेल्या आणि दूरदर्शनची मक्तेदारी संपली. बोर्नव्हिटाची तीच स्पर्धा डेरेक ओब्रायन यांना घेऊन झीवर आली, म्हणजे मुलांची सोय झाली. १९९३ मध्ये अन्नू कपूर यांची ‘अंताक्षरी’ आली. त्यात बायका होत्या, कारण गाणं हे बायकांना यायचंच, असं सगळ्यांनी धरलेलं असतं. ‘तोल मोल के बोल’मध्ये वस्तूंच्या किमती ओळखायच्या होत्या. तिथेही बाई चालायची, कारण बाजारहाट तिचाच. थोडक्यात काय, सामान्य ज्ञान मुलांचं आणि पुरुषांचं. गाणी आणि भावताव आमचा. ही वाटणी कुणी कागदावर लिहून काढली नव्हती. ती लिहायची कुणाला गरजच वाटली नाही.

मग आली ३ जुलै २००० ची रात्र. स्टार प्लसवर त्या एका रात्री दोन कार्यक्रम सुरू झाले, हे पुष्कळांच्या लक्षातच नाही. एक ‘कौन बनेगा करोडपती’, दुसरा ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’. एका कार्यक्रमात अमिताभ बच्चन समोरच्याला ‘आप’ म्हणत होते आणि डोकं चालवायला सांगत होते. दुसऱ्यात भरजरी साडीतली सून कुणाचा कट कुठे शिजतोय ते भिंतीआडून ऐकत होती. दोन्ही कार्यक्रम आमच्याच दिवाणखान्यात, एकाच रिमोटवर. पुढची कितीतरी वर्षं आम्हाला काय आवडतं असं विचारलं की लोक दुसऱ्याचं नाव सांगायचे. पहिला जणू घरातल्या पुरुषांसाठीच आणला होता.

करोडपती मूळचा इंग्लंडमधला खेळ, तिथे तो १९९८ मध्ये सुरू झाला होता. इथे तो बनवला तोही सिद्धार्थ बासूंच्याच कंपनीने. पण इथे आल्यावर त्याने एक मोठं काम केलं, आणि त्याचं श्रेय मी देणार. त्याने प्रश्न हिंदीत विचारले. कॉलेजचं नाव विचारलं नाही, टाय मागितला नाही. चार पर्याय समोर ठेवले, विचार करायला वेळ दिला, अडलं तर मित्राला फोन करायची मुभा दिली. प्रवेश टेलिफोनवरून होता आणि टेलिफोन तर बैठकीच्या खोलीतच असायचा, तिपाईवर, विणलेल्या रुमालाखाली. म्हणजे पहिल्यांदाच दार आमच्या घरातून उघडत होतं.

पहिला कोटी जिंकला आपल्या मुंबईच्या हर्षवर्धन नवाथेने, त्याच साली. त्याचं कौतुक सगळ्यांनी केलं, मीही केलं. पण पुढे काय झालं ते कुणी मोजून ठेवलं का? मी ठेवलं. २०१० मध्ये झारखंडच्या गिरिडीहच्या राहत तस्लीम कोटी जिंकणाऱ्या पहिल्या बाई झाल्या. २०१३ च्या जानेवारीत मुंबईच्या सनमीत कौर साहनी, घर सांभाळणारी बाई, ५ कोटी घेऊन उठल्या. २०१८ मध्ये गुवाहाटीच्या बिनिता जैन, २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे. २०२० च्या पर्वात तर कोटी जिंकणाऱ्या चौघीही बायकाच: नाझिया नसीम, मोहिता शर्मा, अनुपा दास, नेहा शाह. २०२१ मध्ये आग्र्याच्या हिमानी बुंदेला, ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही. २०२२ मध्ये कोल्हापूरच्या कविता चावला, पुन्हा एक गृहिणी, ज्यांनी २००० सालापासून या खुर्चीची इच्छा मनात धरून ठेवली होती.

बावीस वर्षं! तितक्या वर्षांत मूल जन्मून पदवीधर होतं. स्वयंपाक, पाहुणे, दुखणी-खुपणी यांतून ही बाई बावीस वर्षं वाचत राहिली. आता मला सांगा, बायकांना प्रश्नोत्तरांचा कंटाळा येतो, हे वाक्य कुठून आलं?

ते कुठून आलं ते सांगते. २००४ मध्ये झी मराठीवर ‘होम मिनिस्टर’ सुरू झाला. आदेश बांदेकर ‘भावोजी’ होऊन घरोघरी गेले. घरातली किंवा शेजारची दोन माणसं समोरासमोर, थोड्या गप्पा, लग्न कसं जमलं, नवरा चहा करतो का, एखादा उखाणा, मग खेळ आणि जिंकणारीला पैठणी. त्या कार्यक्रमाने केलेलं चांगलंही मी सांगते, नाहीतर म्हणाल की ही बाई उगाच तोंडसुख घेते. चाळीतली, गावातली, दोन खोल्यांतली घरं त्याने दाखवली. ज्या नवऱ्याने बायकोचं कौतुक कधी तोंडाने केलं नाही, त्याला ते सगळ्यांदेखत करायला लावलं. सासू-सुना शेजारी बसून हसल्या. सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोलीच्या मराठी घरांत संध्याकाळी तो लागायचाच. ताप्ती लाइनच्या गाड्यांनी इथे आलेल्या खानदेशी घरांना त्यात आपलं माहेर दिसायचं. हे सगळं खरं.

पण त्या मंत्रिपदाचं खातं कोणतं होतं, हा माझा प्रश्न आहे. नाव गृहमंत्री ठेवायचं आणि तिला एकही प्रश्न असा विचारायचा नाही की ज्यात डोकं लागेल. तिला विचारायचं, नवऱ्याने पहिली भेट काय दिली. घराचा महिन्याचा हिशेब ती कसा बसवते, हे नाही विचारायचं. मंत्री म्हणायचं आणि खेळायला लावायचं. बरं, एका वाहिनीचा कार्यक्रम म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याची नक्कल महाराष्ट्रभर झाली. गणपती, नवरात्र, संक्रांतीचं हळदीकुंकू, जिथे म्हणून बायका जमतात तिथे ‘खेळ पैठणीचा’ उभा राहिला. निवडणूक जवळ आली की इच्छुक उमेदवारांना एकदम वहिनींची आठवण येते, मांडव पडतो, निवेदक माइक घेऊन ओरडतो आणि पन्नाशीच्या बायका पोटाशी फुगा धरून पळतात. आमच्या सुरतेतल्या मराठी मंडळांतही हेच.

मागच्या वर्षी मी आमच्या एका मंडळात सुचवलं की यंदा प्रश्नमंजुषा ठेवू. बक्षीस तीच साडी ठेवा, फक्त ती उत्तरं देणारीला द्या. कार्यकर्ते माझ्या मुलाच्या वयाचे. त्यातला एक अगदी आदराने म्हणाला, “काकू, बायकांना ते जड जाईल. त्यांना जरा हसू-खेळू द्या.” मी त्याला विचारलं, तुझी दहावीची उजळणी कोणी घेतली होती? तो म्हणाला, आईने. मी म्हटलं, मग तिला जड नाही गेलं ते? तो हसला आणि निवेदकाला फोन लावायला गेला. फुगेच ठरले.

२०२२ मध्ये तर ‘महामिनिस्टर’ झाला आणि बक्षीस काय, तर ११ लाखांची पैठणी. ११ लाख! त्या ११ लाखांत मुलीचं शिक्षण होतं, गावाकडे छोटंसं घर होतं, बाईच्या नावावर ठेव होते. पण नाही, तिला द्यायची साडीच. पुरुष जिंकला तर त्याला चेक, बाई जिंकली तर तिला वस्त्र. चेक बँकेत जातो, त्याचं काय करायचं ते जिंकणारा ठरवतो. एवढी महाग साडी नेसायची कुठे आणि ठेवायची कुठे, याचीच काळजी. विकावी तर लोक म्हणणार, मानाची साडी विकली.

साडीबद्दल मला कुणी शिकवू नये, मी सुरतेत राहते. रिंग रोडच्या कापड बाजारात साड्यांचे ढीग लोक टेम्पोत कसे भरतात ते मी रोज बघते. येवल्याच्या मागावर जी जर लागते ती इथूनच जाते. मंडळांच्या खेळात वाटतात त्या बहुतेक ‘सेमी पैठण्या’ यंत्रमागावर निघतात. त्यांचा ठोक भाव काय, हे इथल्या कुठल्याही दुकानातला पोऱ्या सांगेल. तेवढ्या पैशात आमच्या धापा विकत घेतल्या जातात. राहिलं रेशीम. मी जैन आहे, किड्यांच्या जिवावर निघालेलं रेशीम मी नेसत नाही. पण माझा मुद्दा तो नाही. ती साडी सुती असती, खादीची असती, तरी मी हेच लिहिलं असतं.

कुणी म्हणेल, अहो, चार घटका करमणूक, त्यात एवढं काय मनाला लावून घ्यायचं? बाई दिवसभर राबते, तिने जरा हसू नये का? हसावं ना. मी कुठे नाही म्हणते! मंगळागौरीला आमच्या मराठी शेजारणी रात्र रात्र खेळतात, झिम्मा काय, फुगडी काय, मला फार आवडतं. पण तो खेळ त्या आपसात खेळतात. तिथे माइकवाला नसतो, कुणी उमेदवार सोफ्यावर बसून बघत नसतो, आणि हरलेलीला रिकाम्या हाताने जागेवर जाऊन बसावं लागत नाही. खेळणं वेगळं आणि खेळवलं जाणं वेगळं. आणि करमणूकच करायची तर प्रश्नोत्तरांत ती नसते, असं कुणी सांगितलं? करोडपती इतकी वर्षं चालला तो काय प्रवचन म्हणून?

आता करोडपतीकडेही वळते, कारण त्यालाही मी मोकळं सोडणार नाही. सुरुवातीला तिथे प्रश्न मोठा होता आणि माणूस त्याच्यासमोर होता. हळूहळू प्रश्न लहान झाला आणि माणसाचं दुःख मोठं झालं. स्पर्धक खेळायला लागण्याआधी त्याच्या घराची फिल्म दाखवतात. गळकं छप्पर, आजारी बाप, मागे संथ संगीत, प्रेक्षकांत डोळे पुसणारे नातेवाईक. बाईच्या बाबतीत तर ही फिल्म चुकतच नाही.

बबिता ताडेंचंच घ्या. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या बाई, महिन्याला १५०० रुपये मानधन. त्या १ कोटी जिंकल्या. कुणालाही विचारा, त्यांच्याबद्दल काय आठवतं? खिचडी आठवते. पैशांतून काय घेणार असं विचारल्यावर त्यांनी साधा मोबाइल सांगितला, ते आठवतं. सगळे म्हणतात, किती साधी बाई! आता दुसरं विचारा. त्यांनी कोटीच्या प्रश्नाला काय उत्तर दिलं? इथे सगळे गप्प. प्रश्न असा होता की बहादूरशहा जफरच्या दरबारातल्या कोणत्या कवीने ‘दास्तान-ए-गदर’ हा १८५७ च्या उठावाचा स्वतः पाहिलेला वृत्तान्त लिहिला. उत्तर, जहीर देहलवी. मी कला शाखेची पदवीधर आहे, माझ्या आसपास इतिहास घेऊन शिकलेले पुष्कळ जण आहेत. त्यांच्यातल्या दहा जणांना हे नाव विचारून बघा. खिचडीच्या पातेल्यापाशी उभ्या असलेल्या बाईने ते बरोबर सांगितलं, आणि आपण लक्षात काय ठेवलं, तर पातेलं. तिचं ज्ञान नजरेसमोर घडलं, तरी ते दिसू नये अशीच आपली नजर तयार केली गेलीय.

म्हणून मला वाटतं, नुसतं खुर्चीत बसायला मिळून पुरत नाही. प्रश्न कोण विचारतं, हेही बघायला हवं. यादी करा. सायानी बंधू, बासू, ओब्रायन, बच्चन, अनुपम खेर, शाहरुख खान. मराठीत २०१३ मध्ये ‘कोण होईल मराठी करोडपती’ला सचिन खेडेकर, २०१९ मध्ये ‘कोण होणार करोडपती’ला नागराज मंजुळे. सगळी मोठी माणसं, आपापल्या कामात तरबेज. पण बाई कुठेय? अनुपम खेरांच्या जोडीला मनीषा कोईराला होत्या, तो कार्यक्रम लवकरच गुंडाळला गेला. ‘कमजोर कडी कौन’मध्ये नीना गुप्ता एकट्या प्रश्न विचारत. त्यातही त्यांना कडक, टोचून बोलणारी बाईच व्हायला सांगितलं होतं. प्रश्न विचारणारा पुरुष असला तर तो विद्वान आणि प्रेमळ, बाई असली तर खडूस. तोही कार्यक्रम फार टिकला नाही.

याच्या उलट एक साधा कार्यक्रम होता, सह्याद्रीवरचा ‘हॅलो सखी’. ना पैठणी, ना कोटी. समोर एखादी डॉक्टर नाहीतर वकील बसलेली आणि घरातून बायका फोन करून विचारायच्या. पाळी, मधुमेह, पोटगी, घराची कागदपत्रं. त्यांचे प्रश्न ऐकताना कळायचं की या बायकांच्या डोक्यात काय काय चाललंय. इथे बक्षीस नव्हतं, उत्तर होतं.

आमच्याकडे तर प्रश्नाला फार मान. आगमांतलं भगवतीसूत्र सगळं प्रश्नोत्तरांचंच, गौतम विचारतात आणि महावीर सांगतात. परंपरा म्हणते की त्यात छत्तीस हजार प्रश्न होते. त्यातच कौशांबीची जयंती नावाची श्राविका येते. दीक्षा घेतलेली साध्वी नव्हे हं तेव्हा, घरातली बाई. ती विचारते, माणूस झोपलेला बरा की जागा? दुर्बळ बरा की बलवान? तिला कुणी म्हणत नाही की बाई, हे तुला जड जाईल. तिला सरळ उत्तर मिळतं: अधर्माने वागणारा झोपलेलाच बरा, धर्माने वागणारा जागा बरा. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या सभेत बाईने प्रश्न विचारलेला चालला. आमच्या गल्लीतल्या मांडवात नाही चालत.

म्हणून मैत्रिणींनो, नुसतं नाक मुरडून भागणार नाही. येत्या गणपतीत, नवरात्रात, संक्रांतीला मंडळवाले वर्गणी मागायला येतील. वर्गणी द्यायच्या आधी त्यांना विचारा, बायकांचा कार्यक्रम काय ठेवलाय? फुगे म्हणाले तर सांगा, वर्गणी प्रश्नमंजुषेला मिळेल, फुग्यांना नाही. आणि प्रश्न त्यांच्यावर सोडू नका, आपण काढू. आपली ताप्ती कुठे उगम पावते? शिवाजी महाराज सुरतेवर किती वेळा आणि कोणत्या साली आले? १६०८ मध्ये सुरतेच्या किनाऱ्याला आलेल्या इंग्रज जहाजाचा कप्तान कोण? घरच्या गॅसच्या टाकीत किती किलो गॅस भरलेला असतो? विजेच्या बिलातलं एक युनिट म्हणजे नेमकं किती? आणि हिंदू वारसा कायद्यात कोणत्या सालच्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला? तो कायदा आपल्या जैन घरांनाही लागू आहे, हेही त्याबरोबर सांगा.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर २००५ आहे. ते ज्या मांडवात मोठ्याने विचारलं जाईल, तिथे काही भावांच्या चेहऱ्यांकडे बघा. मग कळेल की आम्हाला फुगेच का दिले जातात.